पीसीओएसमध्ये व्यायामाचा आठवडा कसा बसवावा

वजनाचा काटा हलेना म्हणून व्यायाम सोडू नका. पीसीओएसमध्ये, म्हणजे बीजांडकोशांच्या संप्रेरकांचं गणित बिघडवणाऱ्या आजारात, वजन उतरवणं हे व्यायामाचं पहिलं काम नाहीच. शरीर इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या संप्रेरकाला, दाद देईनासं झालं की रक्तात ते वाढतं आणि बीजांडकोशांना जादा पुरुषी संप्रेरकं तयार करायला लावतं. मग पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात. काम करणारा स्नायू मात्र इन्सुलिनची वाट न पाहताही साखर ओढून घेतो. हा परिणाम साधारण एक-दोन दिवस टिकतो, म्हणून सलग दोन दिवस खाडा नको. रविवारी दोन तास घाम गाळून उरलेल्या आठवड्याची भरपाई होत नाही.

आठवड्याला किमान 150 मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा तास भरभर चाला. बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग हवा. वजनही उतरवायचं असेल तर 250 मिनिटांपर्यंत न्या.

शिवाय आठवड्यात दोनदा, मध्ये किमान एक दिवस सोडून, ताकदीचे व्यायाम. नेमके हेच टाळले जातात. सुरुवात खुर्चीपासून करा. खुर्ची भिंतीला टेकवा, पावलांमध्ये खांद्यांइतकं अंतर, टाचा जमिनीवर घट्ट. तीन मोजत खाली या, बूड टेकलं न टेकलं की उठा. गुडघे आत झुकू लागले तर थांबा. ते पायाच्या बोटांच्याच दिशेने हवेत, नाहीतर दुखणं मागे लागतं. दहा वेळा, तीन फेऱ्या. जोडीला भिंतीवरचे जोर. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. बारा सहज जमू लागले की छातीशी पाच किलो तांदळाची पिशवी धरून उठबस करा आणि जोर भिंतीऐवजी ओट्यावर काढा. आहे त्याच भारावर महिनोन्महिने राहिलात तर स्नायू पुढे सरकत नाही.

महिन्यातून एकदा, श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध घेर मोजा. पाळीच्या तारखाही लिहा. फरक दिसायला तीन ते सहा महिने द्या.

पाळी नियमित होण्याआधीच बीज सुटू शकतं; मूल नको असेल तर गर्भनिरोधक वापरा. आणि 90 दिवस पाळी आली नाही तर डॉक्टरांना दाखवाच, कारण गर्भाशयाचं अस्तर आत जाड होत राहतं.