जावामध्ये मजकूर कॅपिटल अक्षरांत कसा बदलावा

इंग्रजी मजकूर कॅपिटल करण्यासाठी जावाच्या स्ट्रिंगमध्ये ‘टू-अपर-केस’ ही मेथड तयारच असते. ती मूळ स्ट्रिंग बदलत नाही, नवी स्ट्रिंग परत देते. म्हणून मिळालेले उत्तर व्हेरिएबलमध्ये ठेवावे आणि स्ट्रिंग ‘नल’, म्हणजे काहीच न ठेवलेली, नाही याची आधी खात्री करावी. देवनागरीत स्मॉल आणि कॅपिटल असा भेदच नसल्याने मिश्र मजकुरातील मराठी शब्द जसेच्या तसे राहतात. ते आधी वेगळे काढण्याचा खटाटोप करू नये.

प्रत्येक अक्षराच्या कोडमधून, म्हणजे संगणकातील त्याच्या क्रमांकातून, ३२ वजा करण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. तो मानू नये. स्मॉल ‘ए’चा कोड ९७ आणि कॅपिटल ‘ए’चा ६५ असल्यामुळे गणित जुळल्यासारखे वाटते, परंतु अक्षर आधीच कॅपिटल असेल, तर ६५ मधून ३२ जाऊन ३३ उरतात आणि ‘ए’च्या जागी उद्गारचिन्ह येते.

खरी अडचण लोकेलची, म्हणजे भाषा आणि प्रदेश यांच्या सेटिंगची आहे, आणि माझे सर्वांत जास्त तास याच टप्प्याने खाल्ले आहेत. कंस रिकामे ठेवून मेथड वापरली, तर जावा त्या मशीनचे डिफॉल्ट लोकेल विचारात घेते. तुर्की भाषेत टिंब असलेला आणि टिंब नसलेला ‘आय’ ही दोन स्वतंत्र अक्षरे आहेत. त्यामुळे तुर्की लोकेलमध्ये १०५ कोडचा स्मॉल ‘आय’ ७३ कोडचा नेहमीचा कॅपिटल ‘आय’ न होता, डोक्यावर टिंब असलेला ३०४ कोडचा ‘आय’ होतो. अझरबैजानी लोकेलमध्येही हेच घडते. पुण्यात बसून लिहिलेला आणि येथे बिनतक्रार चालणारा प्रोग्रॅम इस्तंबूलच्या ग्राहकाकडे बंद पडतो, तो अशा कारणाने. फाइलमधून आलेला ‘ॲक्टिव्ह’ हा इंग्रजी शब्द कॅपिटल करून ‘ईनम’च्या, म्हणजे ठरावीक नावांच्या यादीच्या, ‘व्हॅल्यू-ऑफ’ मेथडला दिला की तेथे ‘इल्लीगल आर्ग्युमेंट’चे एक्सेप्शन येते. लॉगमध्ये तो शब्द वरवर पाहता बरोबरच दिसतो, कारण बारीक अक्षरांत ते एक टिंब सहज नजरेतून निसटते. अशा वेळी शब्दाकडे टक लावून पाहण्यापेक्षा प्रत्येक अक्षराचा कोड छापून पाहावा.

म्हणून स्टेटस, डेटा शोधण्याची ‘की’, फाइलचे एक्स्टेन्शन, डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेचे शब्द असा जो मजकूर प्रोग्रॅमसाठी असतो, तो कॅपिटल करताना कंसात ‘लोकेल.रूट’, म्हणजे कोणत्याही भाषेशी न बांधलेले लोकेल, द्यावे; त्यात अपवाद करू नये. ‘आमचे ग्राहक भारतातच आहेत’ ही सबब मला मान्य नाही, कारण मशीनचे लोकेल कोण काय ठेवील हे आपल्या हाती नसते. याउलट माणसाला वाचण्यासाठी असलेला मजकूर त्याच्या भाषेच्या लोकेलनेच बदलावा. दियारबाकिर या शहराच्या तुर्की नावात दोन्ही ‘आय’ येतात, पहिला टिंबाचा आणि दुसरा बिनटिंबाचा, तेथे ‘लोकेल.रूट’ वापरल्यास पहिल्याचे टिंब जाते आणि नाव चुकते.

लांबी तेवढीच राहील असेही धरू नये. जर्मन ‘एस्त्सेट’ या एका अक्षराचे कॅपिटलमध्ये दोन ‘एस’ होतात, त्यामुळे रस्ता या अर्थाचा सहा अक्षरी जर्मन शब्द सात अक्षरी होतो. ‘कॅरेक्टर’ क्लासची मेथड एका अक्षराबदली एकच अक्षर देऊ शकते, म्हणून ती ‘एस्त्सेट’ तसाच परत करते. संपूर्ण शब्दासाठी स्ट्रिंगचीच मेथड वापरावी.

दोन शब्दांची केवळ तुलना करायची असेल, तर कॅपिटल करूच नये. त्यासाठी स्ट्रिंगची ‘इक्वल्स-इग्नोअर-केस’ ही मेथड वापरावी; ती लोकेल पाहत नाही.

शेवटी टेस्ट लिहावी. सुरुवातीला ‘लोकेल.सेट-डिफॉल्ट’ने तुर्की लोकेल लावावे, ‘आय’ असलेला शब्द कॅपिटल करून अपेक्षित शब्दाशी ताडून पाहावा आणि टेस्ट संपताच जुने लोकेल परत बसवावे. तसे न केल्यास त्याच जेव्हीएममध्ये, म्हणजे जावा प्रोग्रॅम चालवणाऱ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, पुढे चालणाऱ्या इतर टेस्टही तुर्की लोकेलमध्येच चालतात.