कॅशबॅक घटल्यावर क्रेडिट कार्ड कसे बंद करावे

कॅशबॅक कमी केल्याचा संदेश आला की पुष्कळ जण रागाने कार्डाला कात्री लावतात. त्याने प्लास्टिकचे दोन तुकडे होतात. खाते मात्र चालूच राहते आणि वार्षिक शुल्कही लागत राहते.

आधी हिशेब करावा. समजा, महिन्याला ८,००० रुपयांच्या खरेदीवर ५ टक्के मिळत होते, ते आता २ टक्के झाले. वर्षाचे ४,८०० रुपये १,९२० वर आले. त्यातून ९९९ रुपये शुल्क आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे १,१७९ रुपये वजा केले, तर उरतात ७४१. शुल्क नसलेले साधे एक टक्क्याचे कार्ड तेवढ्याच खर्चावर ९६० रुपये देते. मात्र कार्ड कायमचे मोफत आणि तुमच्याकडचे सर्वांत जुने असेल, तर ते बंद करू नये. अधूनमधून त्यावर पेट्रोल भरावे, कारण वर्षभराहून अधिक काळ न वापरलेले कार्ड बँक तुम्हाला कळवून स्वतःच बंद करू शकते.

बंद करायचे ठरले, तर साठलेला कॅशबॅक वळता करून घ्यावा, महावितरणच्या बिलापासून विम्यापर्यंतचे सर्व ऑटो-पे दुसऱ्या कार्डावर न्यावेत आणि स्टेटमेंटमध्ये अजून न आलेल्या रकमेसह सगळी बाकी भरावी.

खरी अडचण यानंतर येते. मी पहिल्यांदा ग्राहक सेवेला फोन केला, तेव्हा पलीकडच्या गोड आवाजाने निम्मे शुल्क माफ करण्याची तयारी दाखवली आणि मी सवयीने म्हणालो, “बरं, पाहू.” त्या दोन शब्दांवर माझी विनंती मागे घेतल्याची नोंद झाली आणि पुढच्या स्टेटमेंटमध्ये पूर्ण शुल्क आले. मे महिन्याच्या उन्हात नागपुरातल्या बर्डीच्या शाखेत गेलो, तर तिथे उत्तर मिळाले की कार्डाचे काम शाखेकडे नाही. म्हणून सांगतो, फोनवर “पाहू”, “विचार करतो” असे काहीही बोलू नये. खरे तर फोनच करू नये. अ‍ॅप, संकेतस्थळ किंवा कार्ड बंद करण्यासाठी दिलेल्या ईमेलवरूनच लेखी विनंती करावी आणि विनंती क्रमांक जपून ठेवावा.

“महिनाभर आधी का कळवले नाही?” हा वादही घालू नये. महिनाभर आधी कळवण्याचा नियम शुल्कातील बदलांसाठी आहे, कॅशबॅक म्हणजे शुल्क नव्हे, आणि प्रतिनिधी तिथेच तुम्हाला गप्प करतो. उपयोगी पडतो तो दुसरा नियम: रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार, बाकी शून्य असताना बंद करण्याची विनंती ७ कामकाजाच्या दिवसांत पूर्ण झाली नाही, तर उशिराच्या प्रत्येक दिवसासाठी बँकेने ग्राहकाला ५०० रुपये द्यायचे असतात. ईमेलमध्ये हे एक वाक्य घातल्यावर दुसऱ्या खेपेला माझे कार्ड चौथ्या दिवशी बंद झाले.

तरीही दाद मिळाली नाही, तर बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवस थांबावे आणि मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार नोंदवावी.

कार्ड बंद झाल्यावर महिन्या-दीड महिन्याने क्रेडिट अहवाल, म्हणजे तुमच्या कर्जांची आणि कार्डांची नोंद, काढून (तो वर्षातून एकदा मोफत मिळतो) त्यात ते खाते ‘बंद’ दिसते का, ते तपासावे. तसे दिसले की मग कात्री घ्यावी आणि चिपच्या मधोमध कापावे.