शालेय ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाआधी काय हाताशी हवे

ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात आपण ज्या पद्धतीने शिकलो, त्याच पद्धतीने तालुक्यातील शालेय ग्रंथपालांचे प्रशिक्षण घ्यायचे ज्यांनी मनावर घेतले आहे, त्यांच्यासाठी ही तयारीची यादी. सभागृह, प्रोजेक्टर, चहा, उपस्थितीपत्रक यांबद्दल लिहीत नाही. ते होऊन जाते. आपोआप न होणारी गोष्ट एकच आहे आणि आमच्या मागच्या प्रशिक्षणात नेमकी तीच राहिली होती: परत गेल्यावर ग्रंथपालाला वेळापत्रकात आठवड्याची एक ग्रंथालय तासिका मिळेल, अशी मुख्याध्यापकांची लेखी संमती. ती आधी घ्यावी, बाकीची तयारी नंतर.

इतका आग्रह का, ते सांगतो. पदव्युत्तर अभ्यासातले खरे शिकणे व्याख्यानांतून झाले नव्हते. प्रत्येकाने आपल्या ग्रंथालयातला एक प्रश्न निवडायचा, काय शिकणार आणि ते शिकलो हे कशावरून दाखवणार याचा मार्गदर्शकांशी लेखी करार करायचा, आपल्याच वाचकांबरोबर ते करून पाहायचे आणि मग सहाध्यायांपुढे मांडायचे, अशी ती रीत होती. प्रौढशिक्षणाचे अभ्यासक माल्कम नोल्स यांनी पुरस्कारलेला अध्ययन करार तो हाच. या साखळीतली ‘करून पाहणे’ ही कडी निखळली की उरते ते नेहमीचेच प्रशिक्षण: ऐकले, टिपून घेतले, प्रमाणपत्र घेतले आणि घरी गेलो. तासिका नसलेला ग्रंथपाल शाळेत परतला की त्याला ऑफ तासिकेवर पाठवतात, पोषण आहाराच्या नोंदी देतात, शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला बसवतात. प्रशिक्षणात निवडलेला प्रश्न वहीतच राहतो, आणि त्यात ग्रंथपालाचा काहीही दोष नसतो.

शिक्षणाधिकाऱ्यांचे पत्र मिळाले म्हणजे काम झाले, असे समजू नये. त्या पत्राने ग्रंथपाल प्रशिक्षणाच्या दिवसापुरता कार्यमुक्त होतो. पुढच्या आठवड्यांची तासिका त्याने मिळत नाही. तोंडी ‘देऊ की’ यावरही थांबू नये. जूनमध्ये वेळापत्रक शिक्षकखोलीत एकदा लागले की कोणीही आपली तासिका सोडत नाही, म्हणून ते लागण्याआधी मुख्याध्यापकांना भेटावे आणि इयत्ता, वार, तासिका क्रमांक असे तिन्ही तपशील कागदावर घ्यावेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकांसाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे. पत्रात तिचा उल्लेख केल्यास बोलणे सोपे जाते. मराठीचा किंवा कार्यानुभवाचा तास अधूनमधून वापरा, असे कोणी सुचवले तर नम्रपणे नकार द्यावा. अधूनमधून म्हणजे कधीच नाही.

दुसरी तयारी पूर्वमाहितीची. ‘कोणता विषय हवा?’ असे विचारू नये, कारण निम्म्यांहून अधिक जण ‘संगणकीकरण’ लिहून मोकळे होतात. त्याऐवजी प्रत्येकाकडून देवघेव नोंदवहीच्या एका पानाची छायाप्रत, विद्यार्थ्यांची नावे झाकून, मागवावी आणि कपाटाची किल्ली कोणाकडे असते एवढेच विचारावे. एका शाळेचे पान माझ्या अजून डोळ्यांपुढे आहे: १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, ओळीने नोंदी, त्याच तारखेला सगळी पुस्तके परत, आणि खाली दिवाळीच्या सुट्टीपलीकडेही कोरा कागद. त्या ग्रंथपालबाईंना कोणत्याही व्याख्यात्याची गरज नव्हती. पान समोर ठेवल्यावर त्यांनी स्वतःच विचारले, की मुलांनी पुस्तक घरी नेऊ नये असे आमच्या शाळेत ठरवले तरी कोणी? करारासाठी इतका नेमका प्रश्न दुसरा मिळणार नाही.

सहभागींची यादी करताना पूर्णवेळ ग्रंथपाल, अर्धवेळ ग्रंथपाल आणि ग्रंथालयाचा केवळ कार्यभार सांभाळणारे शिक्षक यांची नोंद वेगवेगळी ठेवावी. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीने प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावे असे म्हटले आहे, पण ग्रंथपालाच्या पदाचा उल्लेख तिथे नाही. त्यामुळे तिसऱ्या गटातले लोक बरेच असतात. त्यांच्यावर पुस्तकांच्या विषयवार वर्गीकरणाचे दशांश क्रमांक लादू नयेत. अर्धवेळ ग्रंथपालांची तासिका त्यांच्या हजेरीच्या वेळेतच आहे ना, हे संमतिपत्रावर पुन्हा तपासावे. ती वेळेबाहेर पडली तर पत्र असून नसल्यासारखे आहे.

व्याख्याते कमी ठेवावेत. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेली ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्रे सर्वांना पाठ असतात. त्यांवर भाषण ठेवण्यापेक्षा ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ हे सूत्र आणलेल्या छायाप्रतीला लावून पाहायला सांगावे. ई-ग्रंथालय किंवा कोहा या ग्रंथालयाच्या संगणक प्रणाली ज्यांच्या प्रश्नाला खरोखर लागतात, त्यांच्याशी वेगळे बसावे. सगळ्यांना एकत्र घेतले तर सारा दिवस पासवर्ड जुळवण्यात जातो. प्रकट वाचनाच्या सरावासाठी बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक पुरेसे आहेत. हे मासिक १९७१ पासून निघते आणि जुने अंक आंतरजालावर वाचता येतात.

प्रत्यक्ष दिवशी चौघांचे गट, एकपानी करार, प्रत्येकाला एक जोडीदार. कराराच्या पानावर तासिकेचा वार आणि क्रमांक यांसाठी रकाना हवाच. तो रिकामा असेल तर त्याच दुपारी त्या मुख्याध्यापकांना फोन करावा, ‘नंतर बघू’ म्हणू नये.

त्यानंतरचे थोडक्यात. जोडीदारांनी पंधरा दिवसांनी एकमेकांना फोन करावा. दुसरी भेट सहामाही परीक्षा आणि दिवाळी संपल्यावर ठेवावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोणी येत नाही. मांडणी दहा मिनिटांची असावी, नोंदवहीचे नवे पान हातात घेऊन. प्रमाणपत्र त्या भेटीनंतरच द्यावे. आणि जूनच्या त्या संमतिपत्राची एक प्रत आपल्या फाइलला लावून ठेवावी, कारण दुसऱ्या सत्रात वेळापत्रक बदलते आणि सगळ्यात आधी ग्रंथालयाचीच तासिका जाते.