गॅस बॉयलरचा नॉक्स कमी करायचा तर
नॉक्स (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड वायू) जास्त म्हणजे लगेच नवा बर्नर, असं नाही. आधी बॉयलर पूर्ण लोडवर स्थिर होऊ द्या आणि फ्ल्यू गॅस (जळून बाहेर जाणारा धूर) अ‍ॅनालायझरचा प्रोब इकॉनॉमायझरच्या (धुराच्या उष्णतेवर पाणी तापवणाऱ्या भागाच्या) अलीकडे घाला. पुढे डक्टच्या सांध्यांतून हवा शिरते आणि ऑक्सिजन उगाच जास्त दिसतो. नॉक्सचं रीडिंग हिशेबाने ३ टक्के ऑक्सिजनवर आणा: २०.९ मधून मोजलेला ऑक्सिजन वजा करा, त्याने १७.९ ला भागा, नॉक्सने गुणा. ६ टक्क्यांवरचे ६० पीपीएम (दशलक्षात ६० भाग) म्हणजे खरे ७२.

मग एअर डॅम्पर (हवेची झडप) थोडाथोडा बंद करत ऑक्सिजन ३ टक्क्यांजवळ आणा. दर बदलानंतर रीडिंग स्थिरावू द्या. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) १०० पीपीएमकडे उसळू लागला की एक पायरी मागे या. कमी लोडला जास्त हवा लागतेच, तिथे हट्ट नको. प्रीमिक्स (गॅस आणि हवा आधीच मिसळणारा) लो-नॉक्स बर्नर असेल तर मात्र हे करूच नका. तिथे जादा हवाच नॉक्स दाबते.

एवढ्याने भागलं नाही तर १० ते १५ टक्के फ्ल्यू गॅस एफडी फॅनच्या (बर्नरला हवा देणाऱ्या पंख्याच्या) सक्शनला परत द्या. ज्योतीचं तापमान उतरतं. फॅनची क्षमता आधी तपासा, आणि थंड बॉयलरवर ही लाइन उघडू नका: डक्टमध्ये पाणी सुटतं, ज्योत डळमळते.