लहानपणी दूरदर्शनवर पाहिलेला बालचित्रपट पुन्हा कसा शोधावा

ज्यांचे बालपण एकाच वाहिनीच्या काळात गेले, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या मनात असा एखादा चित्रपट असतो, की ज्याचे नाव आठवत नाही, शेवट आठवत नाही, पण त्यातले एक दृश्य मात्र लख्ख आठवते. हे चित्रपट गावच्या थिएटरात लागले नव्हते, त्यांची गाणी रेडिओवर वाजली नव्हती आणि त्यांची पोस्टर्स भिंतींवर चिकटली नव्हती. एखाद्या सुट्टीच्या दिवशी ते एकदाच दिसले आणि गेले. म्हणूनच त्यांचा शोध नेहमीच्या हिंदी किंवा मराठी चित्रपटाप्रमाणे घेता येत नाही. गेल्या काही वर्षांत मी असे काही चित्रपट शोधले. त्यांपैकी काही मिळाले, काही अजून मिळायचे आहेत. त्या खटाटोपातून जी रीत हाती लागली, ती येथे सांगत आहे.

पहिले काम संगणकावर नव्हे, कागदावर करावे. शोध सुरू करण्यापूर्वी त्या चित्रपटाचे जे जे आठवते ते सारे लिहून काढावे आणि त्या कागदावर तारीख घालावी. याचे कारण असे, की चित्रपट एकदा पुन्हा पाहिला की त्याची जुनी आठवण पुसली जाते आणि तिच्या जागी नवी प्रतिमा येऊन बसते. आपण लहानपणी काय पाहिले होते, हे त्यानंतर आपल्यालाही कधीच नीट सांगता येत नाही. ती आठवण चित्रपटाइतकीच मोलाची आहे, कारण चित्रपटाची प्रत कुठेतरी असू शकते, आठवणीची दुसरी प्रत नसते. लिहिताना ठाम आठवते ते आणि अंधूक वाटते ते वेगळे ठेवावे. भावंडांना विचारायचे असेल तर प्रत्येकाला एकटे गाठून विचारावे. सगळे एकत्र बसले, की ताईला आठवलेला घोडा दोन मिनिटांत दादालाही आठवू लागतो.

रंगांच्या बाबतीत विशेष सावध राहावे. चित्रपट कृष्णधवल होता, असे आपण खात्रीने सांगतो तेव्हा अनेकदा आपल्या घरचा टीव्ही कृष्णधवल होता, एवढेच खरे असते. भाषेचेही तसेच आहे. हिंदीत पाहिलेला चित्रपट मनात मराठीत साठवला जातो आणि पुढे आपण उगाचच मराठी चित्रपटांच्या याद्या धुंडाळत बसतो. आणखी एक प्रश्न स्वतःला अवश्य विचारावा: गोष्ट एका बैठकीत संपली होती, की पुढच्या आठवड्याची वाट पाहावी लागली होती?

हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे, ते मला उशिरा उमगले. डोंगराळ शहरात गेलेला एक उंच गुप्तहेर आणि त्याच्याबरोबरचा एक भोळा, घाबरट लेखक, एवढीच माझी आठवण होती. गुप्तहेराचे काम शशी कपूर यांनी केले होते हेही मला पक्के माहीत होते, म्हणून मी त्यांच्या चित्रपटांच्या याद्या पुन्हा पुन्हा तपासत राहिलो. त्या याद्यांत ते नाव सहज सापडणार नव्हते, कारण तो थिएटरसाठी बनलेला चित्रपट नव्हताच. संदीप राय यांनी दिग्दर्शित केलेला ‘किस्सा काठमांडू का’ हा सत्यजित राय यांच्या फेलूदा या बंगाली गुप्तहेराच्या कथेवरचा टेलिफिल्मचा प्रकार १९८०च्या दशकाच्या मध्यास ‘सत्यजित राय प्रेझेंट्स’ या मालिकेचा भाग म्हणून दूरदर्शनवर भागांमध्ये दाखवला गेला होता. तो घाबरट लेखक, म्हणजे जटायू, साकारला होता आपल्या डॉ. मोहन आगाशे यांनी. मी चित्रपट शोधत होतो आणि तो मालिकेच्या नावाखाली बसला होता.

यानंतर काळ ठरवावा. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. रंगीत प्रक्षेपण आणि देशभरचा एकत्रित राष्ट्रीय कार्यक्रम १९८२ साली आला, आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत लहान क्षेपक केंद्रे उभी राहिली तेव्हा महाराष्ट्रातल्या पुष्कळ गावांत पहिल्यांदा चित्र दिसू लागले. त्यामुळे एखाद्या तालुक्याच्या गावी आपण चित्रपट पाहिला असेल, तर तो बहुधा याच लाटेनंतरचा. वर्ष थेट आठवत नसले, तरी आपण कोणत्या घरात राहत होतो, कितवीत होतो, टीव्ही आपला होता की शेजारच्या काकूंकडे जाऊन शटरसमोर जमिनीवर बसावे लागे, यांवरून दोन-तीन वर्षांच्या अंतरापर्यंत पोचता येते. एवढे पुरते.

मग येतो या शोधातला कळीचा मुद्दा: चित्रपट बनवला कोणी? आपण ज्याला सरसकट ‘टीव्हीवरचा लहान मुलांचा पिक्चर’ म्हणतो, त्यात निरनिराळ्या घरांतली मुले आहेत. काही कथापट खास दूरचित्रवाणीसाठी तयार झाले. काही परदेशी होते आणि हिंदीत ध्वनिरूपांतरित होऊन आले. मात्र आपल्या आठवणीतला फार मोठा वाटा बालचित्र समितीच्या चित्रपटांचा असतो. मुलांसाठी चित्रपट काढण्याकरिता केंद्र सरकारने १९५५ साली ही संस्था स्थापन केली, तिचे मुख्यालय मुंबईत होते, आणि तिचे चित्रपट व्यापारी थिएटरांत क्वचितच लागत असल्यामुळे शाळेतला पडदा आणि दूरदर्शन हीच मुलांना ते भेटण्याची ठिकाणे होती. श्याम बेनेगल यांचा ‘चरणदास चोर’ (१९७५) हा याच संस्थेचा. सई परांजपे यांनी तिच्यासाठी ‘जादू का शंख’ आणि ‘सिकंदर’ केले आणि पुढे तिचे अध्यक्षपदही सांभाळले. खिशात हात घातला की नाणे देणारा कोट ज्यांना आठवतो, त्यांनी १९९३ चा ‘करामाती कोट’ पाहावा. त्यात तरुण इरफान खानही आहेत, हे पाहणाऱ्या मुलांपैकी कुणाला तेव्हा कळण्याचे कारण नव्हते.

२०२२ साली बालचित्र समिती, सरकारी माहितीपट काढणारी फिल्म्स डिव्हिजन आणि पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय या संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाल्या. म्हणून जुन्या संस्थेच्या नावाने काही मिळाले नाही तर निराश न होता महामंडळाच्या नावाने शोध घ्यावा. दूरदर्शनने स्वतः बनवलेल्या कार्यक्रमांसाठी प्रसार भारतीच्या संग्रहाची यूट्यूब वाहिनी आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात सुरू झालेला ‘वेव्हज’ हा तिचाच ओटीटी मंच, ही दोन ठिकाणे आधी पाहावीत. शोधताना नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्ही प्रकारे टाकावे, आणि रोमनमध्ये स्पेलिंग बदलून पाहावे. गाण्याच्या ओळीने शोधणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, की चित्रपटाचे नाव अनेकदा त्या ओळीत नसते. पक्ष्यांनी जाळ्यासकट उडून जाण्याचे ते छोटे अॅनिमेशन असंख्य लोकांना गाण्यावरून आठवते. त्याचे नाव ‘एक, अनेक और एकता’ असे असून ते १९७४ साली विजया मुळे यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी केले आणि त्याचे अॅनिमेशन भीमसेन यांचे होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

आंतरजालावर काहीच लागले नाही, तर वर्तमानपत्रांकडे वळावे. दैनिकांत ‘आजचे दूरदर्शन’ अशा धाटणीचे छोटे सदर रोज येत असे आणि त्यात चित्रपटाचे नाव, कधी कलाकारांची नावेही छापली जात. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या ग्रंथालयांत दैनिकांचे आणि नियतकालिकांचे जुने अंक पाहता येतात का, याची आधी चौकशी करून जावे. काळ आधी ठरवून ठेवल्याचा उपयोग येथे होतो, कारण दोन वर्षांतल्या मे महिन्याच्या सुट्ट्या आणि दिवाळीचे आठवडे चाळणे एका माणसाच्या आवाक्यात असते, दहा वर्षे चाळणे नसते. पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाच्या ग्रंथालयात पुस्तिका, छायाचित्रे आणि कात्रणे आहेत. तेथे जाताना आपला तो तारीख घातलेला कागद बरोबर न्यावा.

काही चित्रपट कदाचित मिळणारच नाहीत, याचीही तयारी असावी. त्या काळी टेप महाग होती आणि जगभरच्या दूरचित्रवाणी संस्था जुन्या कार्यक्रमावर नवा कार्यक्रम ध्वनिचित्रमुद्रित करत असत. दूरदर्शनही त्याला अपवाद नव्हते. म्हणूनच कुणाच्या घरी माळ्यावर पडलेल्या व्हीएचएस कॅसेटची किंमत आज फार मोठी आहे, आणि अशी कॅसेट हाती आल्यास ती ताबडतोब व्हीसीआरमध्ये घालून पाहण्याचा मोह आवरावा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत टेपवर बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडांवर पांढरी भुकटी दिसली, तर ती कॅसेट जाणकाराकडून साफ करून घ्यावी, अन्यथा टेप फाटते आणि बुरशी यंत्राच्या हेडला लागून पुढच्या प्रत्येक कॅसेटमध्ये जाते. कॅसेट चांगली असली, तर तिच्या पाठीवरची प्लास्टिकची छोटी पट्टी आधी मोडावी, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही मुद्रित होणार नाही. मग ती एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत गुंडाळावी आणि पहिल्याच खेपेला संगणकावर उतरवून घ्यावी. आपल्याकडचे प्रक्षेपण सेकंदाला २५ चौकटींच्या पॅल पद्धतीचे होते, तेव्हा संगणकावरही तेच प्रमाण ठेवावे.

उतरवताना मधल्या जाहिराती, निवेदिकेच्या घोषणा आणि ‘व्यत्यय’ची पाटी कापू नये. चित्रपटाची प्रत दुसरीकडे मिळू शकेल, पण तो कोणत्या दिवाळीत दाखवला गेला हे साबणाच्या आणि फटाक्यांच्या जाहिरातींवरूनच कळते. उतरवलेली प्रत घरच्यांपुरती ठेवावी, कारण हक्क संस्थांचे किंवा निर्मात्यांचे असतात. दुर्मीळ काही मिळाले असे वाटल्यास चित्रपट संग्रहालयाला कळवावे.

आणि चित्रपट मिळाला, तर तो फोनच्या पडद्यावर, प्रवासात, तुकड्यातुकड्यांनी पाहू नये. ज्यांच्याबरोबर तो पहिल्यांदा पाहिला होता त्यांपैकी कुणी जवळ असेल, तर त्यांना बोलवावे. बघण्याआधी तो जुना कागद मोठ्याने वाचावा आणि मग चित्रपट लावावा.