स्पॅनिश वाक्यात नवी गोष्ट शेवटी

स्पॅनिश शिकायला लागलेल्या बहुतेकांच्या वहीत पहिल्या पानांवरच एक ओळ असते: आधी कर्ता, मग क्रियापद, मग कर्म. मारीआ कोम्प्रो एल लिब्रो, म्हणजे मारीआनं पुस्तक विकत घेतलं. ओळ खरी आहे. पण तेवढ्यावर विसंबून लिहिलेले निबंध मी तपासायला घेते तेव्हा एकेक वाक्य व्याकरणात बसतं आणि परिच्छेद मात्र अवघडल्यासारखा चालतो. कारण स्पॅनिश बोलणारा कर्ता कुठला एवढंच बघून वाक्य जुळवत नाही. समोरच्याला काय माहीत आहे आणि काय नाही, यावर त्याचं लक्ष असतं. माहीत असलेलं पुढे, नवं शेवटी.

म्हणून वाक्य लिहिण्याआधी स्वतःला विचारा: हे कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे?

"मारीआनं काय घेतलं?" असा प्रश्न असेल तर नवं आहे ते पुस्तक: कोम्प्रो एल लिब्रो. मारीआचं नाव पुन्हा घ्यायचं कारण नाही. "पुस्तक कोणी घेतलं?" असा प्रश्न असेल तर नवी आहे ती मारीआ, म्हणून ती शेवटी: लो कोम्प्रो मारीआ. इथला 'लो' म्हणजे 'ते', पुस्तकाच्या जागी आलेला.

इथे आपलं मराठी कामाला येतं. आपण जोर देतो तो शब्द सहसा क्रियापदाच्या लगेच अलीकडे ठेवतो. "मारीआनं पुस्तक घेतलं" आणि "पुस्तक मारीआनं घेतलं" यांतला फरक कुणी शिकवावा लागत नाही. मग मनात मराठी वाक्य म्हणा, क्रियापदाला खेटून अलीकडे कोण बसलंय ते बघा आणि त्याला स्पॅनिशमध्ये उचलून थेट शेवटी नेऊन ठेवा. वर्गात मी त्या शब्दाभोवती पेन्सिलीनं गोल करायला लावते. बाळबोध वाटतं, पण बहुतेक वेळा जमतं.

आता सगळंच वाक्य नवं असेल तर? "काय झालं?" याचं उत्तर "गाडी आली" असेल, तर स्पॅनिशमध्ये क्रियापद पुढे येतं: येगो एल त्रेन. येणं, उरणं, कमी पडणं, घडणं, मरणं अशा क्रियापदांचा हा नेहमीचा क्रम आहे. एल त्रेन येगो हेही बरोबर, पण तेव्हा गाडीचा विषय आधीच चाललेला असतो.

हा फरक कानात बसवायला माझ्याकडे एक आवडीचं उदाहरण आहे. 20 नोव्हेंबर 1975 रोजी स्पेनचे पंतप्रधान कार्लोस आरियास नाबार्रो दूरचित्रवाणीवर आले आणि म्हणाले, "एस्पान्योलेस, फ्रांको आ मुएर्तो." स्पेनवासीयांनो, फ्रांको वारले. फ्रांको म्हणजे तिथले हुकूमशहा. मरणाची बातमी, तरी नाव आधी. कारण फ्रांको कित्येक दिवस मरणपंथाला लागलेले होते, त्यांचाच विषय देशभर चालू होता. नाव जुनं, मरण नवं. कुणाच्या ध्यानीमनी नसताना हीच बातमी द्यायची असती, तर आ मुएर्तो फ्रांको हा क्रम जास्त सहज वाटला असता.

याच घरातला आणखी एक नियम: 'एल'सारखं मागेपुढे काही नसलेलं सुटं नाम साध्या विधानात क्रियापदाच्या आधी कर्ता म्हणून बसत नाही. खुर्च्या कमी पडताहेत, फाल्तान सीयास. पाणी आत येतंय, एन्त्रा आग्वा. मराठीच्या सवयीनं सीयास फाल्तान लिहाल तर ऐकणारा अडखळेल.

सगळ्यात जास्त लाल शाई मात्र एका छोट्या शब्दावर जाते. कर्म माहितीचं असेल आणि त्याच्यापासूनच वाक्य सुरू करायचं असेल, तर क्रियापदाच्या आधी त्याचं सर्वनाम पुन्हा ठेवावं लागतं: एल लिब्रो लो कोम्प्रो मारीआ. पुस्तक एकदा सांगून झालं, आता 'ते' कशाला, असं आपल्याला वाटतं. पण 'लो' गाळला की वाक्य लंगडतं. माणसाचंही तसंच. पेद्रो ब्यो आ मारीआ, पेद्रोनं मारीआला पाहिलं. उलटं केलं की आ मारीआ ला ब्यो पेद्रो. या 'ला'ला आपला द्वितीयेचा प्रत्यय समजू नका. तो 'तिला' आहे आणि विभक्तीचं काम मारीआच्या आधीचा 'आ' करतो. सुट्या नामाला ही पुनरुक्ती लागत नाही: दिनेरो नो तेंगो, पैसे काही माझ्याकडे नाहीत. ठासून दुरुस्ती करतानाही नाही: दोस लिब्रोस कोम्प्रे, नो त्रेस. दोन पुस्तकं घेतली मी, तीन नाही. तिथे आवाजच सगळं काम करतो.

काही जागा मात्र हलत नाहीत, त्या पाठच करा. लो, ला अशी सर्वनामं आणि चालवलेलं क्रियापद यांच्यामध्ये दुसरा शब्द शिरत नाही. नकार त्यांच्याही आधी: नो लो से, मला ते माहीत नाही. दोन क्रियापदं असतील, म्हणजे 'मला ते बघायचंय' असं, तर क्येरो बेर्लो किंवा लो क्येरो बेर, दोन्ही चालतात. 'लो' दोन क्रियापदांच्या मध्ये अडकवू नका. 'जेवून झालंय' हे 'या ए कोमीदो' किंवा 'ए कोमीदो या'; 'ए' आणि 'कोमीदो' यांना फोडून मध्ये स्पॅनिश 'या' घालायचा नाही. नाद्ये, म्हणजे 'कुणी नाही', क्रियापदाच्या नंतर आलं तर आधी नो हवाच: नो बीनो नाद्ये, कुणी आलं नाही. आधी आलं तर नो नको: नाद्ये बीनो.

आवडण्याच्या बाबतीत आपण नशीबवान. पेद्रोला कॉफी आवडते: आ पेद्रो ले गुस्ता एल काफे. ज्याला आवडतं तो आपल्याकडे 'ला', तिकडे 'आ' लावून, आणि क्रियापद आवडत्या वस्तूप्रमाणे, अगदी मराठीसारखं. फक्त कॉफी क्रियापदाच्या नंतर जाते. एल काफे ले गुस्ता म्हटलंत तर ऐकणारा पुढच्या 'पण'ची वाट बघेल.

राहिला 'मी'. क्रियापदावरून कर्ता कळतो, म्हणून दर वाक्याला यो, यो करू नका. मात्र "पैसे कोणी दिले?" याला नुसतं पागे पुरत नाही. तिथे यो लागतो, आणि तोही शेवटी: पागे यो. मीच दिले. यो पागे म्हटलंत, तर मी तरी दिले बाबा, बाकीच्यांचं त्यांना विचारा, असा सूर लागतो. आपण 'च' आणि 'तरी' लावून जे करतो, ते स्पॅनिशमध्ये इथे नुसती जागा बदलून होतं.