बुल ट्राउटसाठी ओढ्याच्या तापमानाचा अंदाज कसा बांधावा

अमेरिकेतल्या आयडाहो-मोन्टानाच्या डोंगरांत बुल ट्राउट हा मासा अगदी थंड ओढ्यांत अंडी घालतो. ऑगस्टची सरासरी ११ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तिथेच पिल्लं टिकतात, असा ढोबळ हिशेब धरतात. ती ११ अंशांची रेषा आज कुठे आहे आणि पुढे किती वर सरकेल, हे काढायचं.

आधी लॉगर, म्हणजे पाण्याचं तापमान आपोआप नोंदवणारं छोटं उपकरण, तपासा. बादलीत कुटलेला बर्फ आणि पाणी ढवळून त्यात तासभर बुडवा. शून्याच्या आसपास, फार तर ०.२ अंशाचा फरक दिसला तरच वापरा. नोंद दर तासाला घ्या, नाहीतर दुपारचा उच्चांक निसटतो. मोठ्या खडकाच्या प्रवाहाकडे पाठ असलेल्या बाजूला, भोकं पाडलेल्या पीव्हीसी नळीत घालून, पाण्याखाली घट्ट होणाऱ्या इपॉक्सी गोंदाने चिकटवा. नळी नसेल तर ऊन थेट लॉगर तापवतं. दोन ओढ्यांच्या संगमाच्या लगेच खाली किंवा झरा फुटतो तिथे लावू नका. पाणी नीट मिसळलेलं नसतं, आकडा एकाच धारेचा येतो.

नोंदी हाती आल्या की त्यांचा आलेख आधी डोळ्यांनी पाहा. दिवस-रात्रीचा फरक एकदम हवेइतका मोठा झाला, तर पाणी उतरून लॉगर उघडा पडला. फरक सपाट झाला, तर तो गाळात गाडला गेला. ते दिवस काढून टाका.

मग लॉगर नसलेल्या ठिकाणचं तापमान काढायला गणिती मॉडेल बांधा. त्यात उंची, पाणलोटाचं क्षेत्रफळ, उतार, झाडांची सावली, हिमनदी आणि तलावांचं प्रमाण, ऑगस्टमधलं हवेचं तापमान आणि प्रवाह घाला. अमेरिकी वन सेवेच्या 'नॉरवेस्ट' या ओढ्यांच्या तापमानाच्या संग्रहात हजारो ठिकाणच्या नोंदी मोफत आहेत; आधी त्या घ्या. साधं रिग्रेशन (या घटकांवरून तापमानाचं समीकरण बसवणं) मात्र इथे फसतं: डोंगराच्या दोन बाजूंचे ओढे नकाशावर शेजारी असले तरी त्यांचं पाणी एकमेकांना भेटत नाही. अंतर प्रवाहाच्या वाटेने मोजणारं मॉडेल हवं. त्यासाठी आर (R) या संगणकभाषेत एसएसएन२ (SSN2) पॅकेज आहे.

सगळ्यात मोठी गफलत भविष्याच्या आकड्यात होते. हवा एक अंशाने तापली की पाणी किती तापतं, हे प्रमाण एकाच वर्षाच्या रोजच्या हवा-पाण्याच्या नोंदींवरून काढलं, तर ते ऋतूंचं असतं, हवामानबदलाचं नव्हे. अनेक वर्षांचे ऑगस्ट एकमेकांशी ताडून पाहा. या भागात हवा १ अंशाने तापली की पाणी साधारण त्याच्या निम्मंच तापतं. भूजलावर चालणारे ओढे त्याहूनही कमी.

मॉडेलची चूक एक अंशाची असेल, तर १०.८ आणि ११.२ यांत भेद करू नका. तीव्र उताराच्या ओढ्यात एका अंशाने रेषा थोडीच सरकते, सपाट दरीत मात्र कित्येक किलोमीटर. म्हणून पुढच्या हंगामाचे लॉगर आधी अशा सपाट दऱ्यांत, रेषेच्या दोन्ही बाजूंना लावा.